अमेरिकेतील ओट्यावर भारतातला मिक्सर: दोन आउटलेट जोडून २४० व्होल्ट मिळवावेत का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. भारतातून अमेरिकेत राहायला आलेल्या एका कुटुंबाने सोबत ७५० वॅटचा मिक्सर, टेबलावर ठेवायचा वेट ग्राइंडर आणि १५०० वॅटची विजेची किटली आणली आहे. तिन्हींवर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ असे छापलेले आहे आणि स्वयंपाकघरातील ओट्यावर मात्र १२० व्होल्टची आउटलेट आहेत. ओट्यावरची दोन वेगवेगळी आउटलेट एकत्र जोडली की २४० व्होल्ट मिळतात आणि तशी जोडणी करून देणारी पेटी विकतही मिळते, असे त्यांना एका परिचिताने सांगितले. हे खरे आहे का, ते करावे का, आणि करू नये तर या उपकरणांचे काय करावे, असे त्यांनी विचारले आहे. मी बरीच वर्षे अमेरिकेत घरगुती वायरिंगचे काम करतो आणि भारतीय घरांमध्ये हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला आहे की एकदा सविस्तर लिहिणे बरे.

परिचिताचे गणित बरोबर आहे, पण तुमच्या ओट्यावर ती युक्ती चालणार नाही, आणि जिथे चालेल तिथे ती करू नये. यामागचे कारण समजून घेण्यासाठी घरात वीज येते कशी, हे आधी पाहावे लागेल.

अमेरिकेत खांबावरच्या किंवा अंगणातल्या ट्रान्सफॉर्मरमधून घरात येणारा पुरवठा मुळात २४० व्होल्टचाच असतो. त्या ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम गुंडाळीच्या बरोबर मध्यातून एक तार काढलेली असते आणि ती जमिनीला जोडलेली असते. हीच न्यूट्रल. गुंडाळीच्या दोन टोकांपासून येणाऱ्या दोन गरम (म्हणजे जिवंत, वीज असलेल्या) तारांपैकी कोणतीही एक आणि न्यूट्रल यांच्यात १२० व्होल्ट मिळतात, तर त्या दोन गरम तारांमध्ये २४०. पॅनेलमध्ये, म्हणजे घराच्या ब्रेकरांच्या पेटीत, या दोन गरम तारा (आम्ही त्यांना दोन ‘पाय’ म्हणतो) एकाआड एक अशा रचनेने ब्रेकरांना दिलेल्या असतात, म्हणजे एकाच रांगेतले खालीवर लागून असलेले दोन ब्रेकर सहसा वेगवेगळ्या पायांवर असतात. विजेची शेगडी, कपडे वाळवण्याचे यंत्र, पाणी तापवण्याची टाकी ही मोठी उपकरणे दोन्ही पाय घेऊन २४० व्होल्टवर चालतात आणि बाकी सारे घर एकेका पायावर, १२० व्होल्टवर. तेव्हा भारतात जो दाब (व्होल्टेज) साध्या सॉकेटला मिळतो, तो इथल्या घरातही आहे. तो फक्त ओट्यापर्यंत आणलेला नाही.

ओट्यावर काय आणायचे हे नॅशनल इलेक्ट्रिकल कोड ठरवतो. दर तीन वर्षांनी त्याची नवी आवृत्ती निघते आणि प्रत्येक राज्य किंवा शहर ती आपापल्या वेळेने लागू करते. या कोडनुसार स्वयंपाकघरातील लहान उपकरणांसाठी २० अँपिअरची किमान दोन सर्किटे द्यावी लागतात. ही दोन सर्किटे वेगवेगळ्या पायांवर असली तर त्यांच्या गरम तारांमध्ये २४० व्होल्ट मिळतील. एकाच पायावर असली तर शून्य. मीटर लावल्याशिवाय हे कळत नाही. कॅनडातील जुन्या स्वयंपाकघरांत तर एकाच आउटलेटचा वरचा आणि खालचा भाग मुद्दाम वेगवेगळ्या पायांवर दिलेला आढळतो, त्यामुळे तिथे २४० व्होल्ट अक्षरशः दोन बोटांच्या अंतरावर असतात. परिचिताने ऐकलेली युक्ती यातूनच आलेली आहे.

आता ती ओट्यावर का चालत नाही ते पाहू. ओट्यावरच्या आउटलेटना जीएफसीआय संरक्षण असते, म्हणजे मध्ये ‘टेस्ट’ आणि ‘रिसेट’ अशी दोन छोटी बटणे असलेले आउटलेट, किंवा पॅनेलमध्ये तसा ब्रेकर. १९८७ च्या कोडमध्ये हे बंधन सिंकजवळच्या आउटलेटपुरते आले आणि १९९६ पासून ओट्यावरच्या सगळ्याच आउटलेटना लागू झाले. जीएफसीआयचे काम एवढेच की गरम तारेतून जितका प्रवाह गेला, तितकाच न्यूट्रलमधून परत आला की नाही हे सतत पाहणे आणि चार ते सहा मिलिअँपिअरचा फरक दिसला की पुरवठा तोडणे. त्याच्या दृष्टीने कमी पडलेला प्रवाह कोणाच्या तरी शरीरातून जमिनीत गेला असण्याची शक्यता असते. तुम्ही दोन आउटलेटच्या गरम तारा घेऊन मिक्सर चालवला, तर सुमारे तीन अँपिअर प्रवाह एका आउटलेटमधून जाईल आणि दुसऱ्याच आउटलेटमधून परतेल. दोन्हींच्या न्यूट्रलमध्ये काहीच येणार नाही. जीएफसीआय सोसतो त्याच्या सहाशे पट हा फरक झाला. मिक्सरचे बटण फिरवताच खट्ट आवाज होऊन दोन्ही बंद पडतील. विकत मिळणाऱ्या पेटीलाही हीच मर्यादा आहे.

इथवर नुकसान काहीच नाही. खरा धोका यापुढे सुरू होतो, कारण माणूस मग जीएफसीआय नसलेले आउटलेट शोधू लागतो. जुन्या घरात फ्रिजच्या मागचे एखादे, जेवणाच्या खोलीतले एखादे, अशा दोन ठिकाणांहून वायरी ओढून घरीच बनवलेली जोडणी मी दोनदा पाहिली आहे, आणि दोन्ही वेळा ती करणारे शिकलेसवरलेले, हाताने काम करण्याची आवड असलेले गृहस्थ होते. अशा जोडणीत दोन प्लग असतात. त्यातला एक भिंतीत असताना दुसरा हातात घेतला, तर भिंतीतल्या प्लगमधून आलेली वीज मिक्सरच्या मोटरमधून फिरून हातातल्या उघड्या पिनांवर येते. त्या पिनेला बोट लागले की १२० व्होल्टचा झटका, आणि तो तोडायला जीएफसीआयही नाही. शिवाय ब्रेकर दोन वेगळे असल्याने काही बिघडून त्यांतला एकच पडला, तर उपकरण बंद दिसते पण आतून जिवंत राहते. कोडने २००८ पासून एकच न्यूट्रल वाटून घेणाऱ्या सर्किटांचे ब्रेकर एकत्रच बंद झाले पाहिजेत असा नियम केला, तो अशाच फसगतीमुळे. विकतच्या पेटीत रिले (दोन्ही प्लग लागल्यावरच वीज पुढे सोडणारा स्विच) असल्याने पिना जिवंत राहत नाहीत हे मान्य. पण मग जीएफसीआय नसलेली, वेगळ्या पायांवरची दोन आउटलेट हवीत, आणि आजच्या स्वयंपाकघरात तशी मिळूच नयेत अशी कोडची अपेक्षा आहे. ही वाट सोडून द्यावी.

त्यापेक्षा प्रत्येक उपकरणाच्या पोटात काय आहे ते पाहावे, कारण ‘२३० व्होल्टचे उपकरण’ ही एक जात नव्हे. मिक्सर उलटा करा. बुडाशी एक चंदेरी पट्टी असते, तिच्यावर दाब, वारंवारता, वॅट आणि बऱ्याचदा ‘३० मिनिटे रेटिंग, ५ मिनिटे चालू, २ मिनिटे बंद’ असे लिहिलेले असते. शेजारीच लाल किंवा काळे छोटे बटण असते, ते ओव्हरलोडचे. या पट्टीवर ‘१००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असे असेल तर पुढचे काहीच वाचायची गरज नाही. लॅपटॉप आणि फोनचे चार्जर या प्रकारात येतात आणि त्यांना फक्त पिना बदलणारा अडॅप्टर पुरतो. फक्त २३० किंवा २२०–२४० असे लिहिले असेल तर मात्र अडॅप्टरने काही होत नाही. अडॅप्टर पिनांचा आकार बदलतो, दाब बदलत नाही. हे वाक्य मी ग्राहकांना इतक्यांदा सांगितले आहे की आता तोंडातून आपोआप निघते.

किटलीत केवळ तापणारी तार आहे. तिला १२० व्होल्ट दिले तर बिघडत काही नाही, पण शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणजे १२० भागिले २३० चा वर्ग, जवळजवळ ०.२७. पंधराशे वॅटची किटली सुमारे चारशे वॅटची होते. एक लिटर पाणी २० अंशांपासून उकळायला भारतात जिथे पावणेचार मिनिटे लागत होती, तिथे इथे चौदा मिनिटे लागतील, आणि मध्ये वाया जाणारी उष्णता धरली तर त्याहून जास्त.

मिक्सरमध्ये कार्बन ब्रशवर चालणारी मोटर असते. ही मोटर एकदिश प्रवाहावरही चालू शकते, त्यामुळे तिला ५० हर्ट्झ आणि ६० हर्ट्झ यांतला फरक जवळजवळ जाणवत नाही. तिला फक्त दाब पुरेसा हवा. नुसत्या १२० व्होल्टवर ती फिरते, पण रडत फिरते, चटणी वाटण्याइतका जोर नसतो, आणि तिला थंड करणारा पंखा त्याच दांड्यावर असल्याने तोही मंद फिरतो. त्यामुळे बराच वेळ रेटून चालवली तर गुंडाळी तापते.

वेट ग्राइंडरचे गणित वेगळे आहे आणि चुकांची किंमतही तिथेच सर्वांत जास्त मोजावी लागते. त्यात कपॅसिटरवर चालणारी इंडक्शन मोटर असते. तिला १२० व्होल्ट दिले तर फिरवण्याचा जोर वर्गाच्या प्रमाणात घटून पावपट उरतो, भिजवलेल्या तांदूळ-डाळीत दगड हलत नाहीत, मोटर गुणगुणत जागच्या जागी उभी राहते आणि काही मिनिटांत गुंडाळीवरच्या वार्निशचा वास येऊ लागतो. म्हणून ‘चालतो का बघू या’ म्हणून ग्राइंडर थेट १२० व्होल्टवर लावू नये. मिक्सरला ही मुभा आहे, ग्राइंडरला नाही. योग्य दाब दिला तरी वारंवारतेचा प्रश्न उरतोच: चार ध्रुवांची मोटर ५० हर्ट्झवर मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या आसपास फिरू पाहते आणि ६० हर्ट्झवर १८०० च्या. बाजारात मिळणारा कोणताही साधा ट्रान्सफॉर्मर दाब बदलतो, वारंवारता नाही. म्हणजे भांडे वीस टक्के जास्त वेगाने फिरेल आणि मोटरचा कमाल जोर मात्र कमी होईल, कारण तो दाब आणि वारंवारता यांच्या गुणोत्तराच्या वर्गावर ठरतो. भारतात हे गुणोत्तर २३० भागिले ५०, म्हणजे ४.६ असते, इथे २४० भागिले ६०, म्हणजे ४. वर्ग केला की तीन चतुर्थांशाच्या आसपास जोर उरतो. व्यवहारात याचा अर्थ इतकाच की भांडे काठोकाठ न भरता पाऊण भरावे, वाटण थोडे सैल ठेवावे आणि सुरू करताना आधी दगड फिरू द्यावेत, मग डाळ घालावी. इतके पाळले तर बहुतेक ग्राइंडर ६० हर्ट्झवर नीट चालतात. गंमत अशी की उलट दिशेने, म्हणजे इथला ६० हर्ट्झचा ग्राइंडर भारतात नेला, तर त्याच्या गाभ्यात चुंबकत्व गरजेपेक्षा जास्त साचते आणि मोटर रिकामी असतानाही तापते. त्या मानाने तुमची दिशा सोयीची आहे.

भारतातून आणलेली इंडक्शन शेगडी कुणाकडे असेल तर एक शब्द: ती १२० व्होल्टवर सुरूच होत नाही, दाब कमी असल्याचा संकेत दाखवून थांबते. तिच्यासाठी दोन हजार वॅटचा ट्रान्सफॉर्मर घेण्यापेक्षा इथली शेगडी घ्यावी. जुन्या पद्धतीच्या लोखंडी ट्रान्सफॉर्मरचा मायक्रोवेव्ह तर आणूच नये, कारण त्याची रचना ५० हर्ट्झला बांधलेली असते.

मिक्सर आणि ग्राइंडरसाठी स्टेप-अप, म्हणजे दाब वाढवणारा, ट्रान्सफॉर्मर हा सरळ मार्ग आहे, पण त्याची निवड करताना लेबलावर विश्वास ठेवू नये. मी इथे नवीन आलो तेव्हा ‘१००० वॅट’ लिहिलेला एक ट्रान्सफॉर्मर घेतला होता आणि त्याला घरचा ७५० वॅटचा मिक्सर लावला होता. कोरडी भाजणी दळताना ठीक होते. ओले खोबरे आणि मिरची वाटायला घेतली की मिक्सरचा आवाज खाली बसे. मीटर लावून पाहिले तर रिकाम्या ट्रान्सफॉर्मरवर २३८ व्होल्ट होते, वाटण चालू असताना २०४, आणि पाते अडकले त्या क्षणी काटा १७० च्याही खाली गेला. मग मागची फ्यूजची टोपी काढली. आत ५ अँपिअरचा फ्यूज होता. पाच गुणिले १२० म्हणजे सहाशे. बनवणाऱ्याने लेबलावर हजार लिहिले होते आणि फ्यूज मात्र प्रामाणिकपणे सहाशेचा घातला होता. तेव्हापासून मी ट्रान्सफॉर्मर विकत घेताना आधी फ्यूज पाहतो, मग वजन. लोखंड आणि तांब्याला पर्याय नसतो. दोन बोटांत उचलता येणारा ‘दोन हजार वॅटचा’ डबा हा ट्रान्सफॉर्मर नव्हे, तो अमेरिकेतून परदेशी जाणाऱ्या प्रवाशांसाठी दाब उतरवणारा कन्व्हर्टर असतो आणि तुमच्या कामाचा नाही.

मोटर सुरू होताना आणि अडकताना नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते, म्हणून मोटरच्या वॅटच्या किमान दुप्पट क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर घ्यावा: ७५० वॅटच्या मिक्सरला १५०० व्होल्ट-अँपिअर (ट्रान्सफॉर्मरची क्षमता या एककात मोजतात, इथे ते वॅटसारखेच धरा) किंवा त्याहून मोठा. तोच ग्राइंडरलाही चालेल, दोन्ही एकाच वेळी मात्र लावू नयेत. भिंतीच्या बाजूला ७५० वॅटचा मिक्सर साधारण सात अँपिअर घेईल. २० अँपिअरच्या सर्किटला ते सहज झेपते.

किटलीला मात्र ट्रान्सफॉर्मर लावण्यात अर्थ नाही. ट्रान्सफॉर्मर दाब दुप्पट करतो, शक्ती निर्माण करत नाही. तुमची किटली २४० व्होल्टवर सोळाशे वॅटच्या वर जाते आणि भिंतीतून १२० व्होल्टवर तेवढेच वॅट घ्यायचे तर चौदा अँपिअर लागतात. म्हणजे जवळजवळ सगळे सर्किट तिनेच खाल्ले, वर ट्रान्सफॉर्मर तापला तो वेगळा. इथे मिळणारी १५०० वॅटची १२० व्होल्टची किटली तेच काम तितक्याच वेळात करते. ब्रिटनहून आलेल्यांची तक्रार खरी असते, कारण त्यांच्या किटल्या तीन हजार वॅटच्या असतात आणि १२० व्होल्टवर त्याचे २५ अँपिअर होतात, जे ओट्यावरचे कोणतेच आउटलेट देऊ शकत नाही. भारतीय किटलीचे तसे नाही. ती मायदेशी जाणाऱ्या कुणाच्या तरी सामानात परत पाठवा.

ट्रान्सफॉर्मर वापरताना चार गोष्टी डोळ्यांत तेल घालून पाहाव्यात. बहुतेक ट्रान्सफॉर्मरच्या २४० व्होल्टच्या बाजूला ‘सगळ्या देशांच्या पिना बसतील’ असे सॉकेट असते. त्यात इथला प्लगही बसतो, आणि घाईत कुणी १२० व्होल्टचा टोस्टर त्यात खुपसला तर त्याला दुप्पट दाब, म्हणजे चौपट शक्ती मिळते. मी अशा सॉकेटवर रंगीत चिकटपट्टी लावून ‘फक्त मिक्सर’ असे मराठीतच लिहितो, कारण घरातल्या सगळ्यांच्या डोळ्यांना ते लगेच दिसते. दुसरी गोष्ट अर्थिंगची: ट्रान्सफॉर्मरच्या प्लगची गोल पिन आणि बाहेरच्या सॉकेटचे अर्थचे भोक यांच्यात, प्लग भिंतीतून काढून ठेवून, मल्टिमीटरने रोध मोजावा. तो जवळजवळ शून्य आला पाहिजे. कित्येक स्वस्त ट्रान्सफॉर्मरमध्ये ती तार जोडलेलीच नसते, आणि भारतीय तीन पिनांचा प्लग इथल्या दोन पट्ट्यांत बसवणारे अडॅप्टर तर अर्थ सरळ गाळून टाकतात. मग स्टीलच्या अंगाचा ग्राइंडर ओल्या हाताने धुताना काय होऊ शकते ते सांगायला नको.

तिसरी गोष्ट थोडी तांत्रिक आहे. या कामाचे बहुतेक ट्रान्सफॉर्मर ऑटो-ट्रान्सफॉर्मर असतात, म्हणजे त्यात आत येणारी आणि बाहेर जाणारी बाजू एकच गुंडाळी वाटून घेतात. त्याचा फायदा असा की मिक्सरच्या अंगातून जमिनीत गळती झाली तर भिंतीतल्या जीएफसीआयला ती दिसते आणि तो तोडतो. म्हणून असा ट्रान्सफॉर्मर नेहमी ओट्यावरच्या जीएफसीआय आउटलेटलाच लावावा. तोटा असा की त्याच्या बाहेरच्या एका तारेवर जमिनीच्या तुलनेत पूर्ण २४० व्होल्ट असतात. दोन गुंडाळ्या पूर्ण वेगळ्या असलेला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर जड आणि महाग असतो, आणि त्याच्या पलीकडची गळती जीएफसीआयला दिसत नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. चौथी गोष्ट किरकोळ पण त्रासदायक: ट्रान्सफॉर्मर भिंतीत खुपसताच कधी कधी ब्रेकर पडतो. तो पहिल्या क्षणी चुंबकत्व भरून घेताना खूप मोठा प्रवाह ओढतो. एकदोनदा असे झाले तर घाबरू नये, नेहमी होत असेल तर सर्किट बदलून पाहावे. २०१४ नंतरच्या कोडप्रमाणे बांधलेल्या स्वयंपाकघरात ठिणगी ओळखणारे ब्रेकरही असतात, आणि जुन्या मिक्सरच्या झिजलेल्या ब्रशांच्या ठिणग्यांनी ते फसतात. अशा वेळी ब्रेकर बदलू नये, ब्रश बदलावेत. वापर संपला की ट्रान्सफॉर्मर भिंतीतून काढावा, कारण रिकामा असतानाही तो थोडी वीज खात आणि तापत बसतो.

आता ओट्यावर खरेखुरे २४० व्होल्ट आणण्याबद्दल. हे रीतसर करता येते: पॅनेलमध्ये १५ अँपिअरचा दुहेरी ब्रेकर, तोही जीएफसीआय असलेला, तिथून ओट्यापर्यंत स्वतंत्र केबल आणि शेवटी नेमा ६-१५ (नेमा हे अमेरिकी प्लग-आउटलेटचे मानक) प्रकारचे आउटलेट, ज्याच्या दोन पट्ट्या आडव्या असतात आणि १२० व्होल्टचा प्लग त्यात चुकूनही बसत नाही. पंधरा गुणिले २४० म्हणजे छत्तीसशे वॅट. ब्रिटिश किटलीला पुरून उरतील. केबलमधली पांढरी तार इथे न्यूट्रल नसून गरम असते, म्हणून तिच्या दोन्ही टोकांना काळी किंवा लाल पट्टी गुंडाळावी लागते. पुढे कधी कुणी ते आउटलेट उघडले तर त्याचा जीव या पट्टीवर अवलंबून असतो. ओट्यावरच्या दोन आवश्यक सर्किटांपैकी एक बदलून २४० चे करता येत नाही, ती दोन राहिलीच पाहिजेत. आणखी एक अडचण अशी की कोडच्या कलम २१०.६ मध्ये घरातल्या १४४० व्होल्ट-अँपिअर किंवा त्याहून लहान, प्लगने जोडायच्या उपकरणांच्या सर्किटाला १२० व्होल्टची मर्यादा घातली आहे. म्हणजे तीन हजार वॅटच्या किटलीसाठी असे आउटलेट मागितले तर निरीक्षक समजून घेतो. दीडशे वॅटच्या ग्राइंडरसाठी मागितले तर हे कलम पुढे करू शकतो, आणि त्याचे चुकले असे म्हणता येणार नाही.

अशा आउटलेटवर भारतीय उपकरण चालवताना एक फरक कायम लक्षात ठेवावा लागतो. भारतात दोन तारांपैकी एकच गरम असते, आणि उपकरणाचे बटण तीच तोडेल अशी अपेक्षा असते. इथे २४० च्या दोन्ही तारा गरम असतात, जमिनीच्या तुलनेत प्रत्येकी १२० व्होल्ट. मिक्सरचे बटण बंद केले तरी त्याच्या आत दुसऱ्या तारेवरचे १२० व्होल्ट उभे असतात. म्हणून बुडाकडचा भाग उघडायचा, ब्रश बदलायचे किंवा पाणी आत गेले म्हणून पुसायचे तर आधी प्लग काढलाच पाहिजे. बटणावर भरवसा ठेवू नये.

शेगडी गॅसची असून मागे विजेच्या शेगडीचे मोठे आउटलेट रिकामे पडले आहे, त्यातून अडॅप्टर लावून घेऊ का, असेही काही जण विचारतात. त्या आउटलेटचा ब्रेकर ४० किंवा ५० अँपिअरचा असतो. मिक्सरची वायर सहा अँपिअरच्या हिशेबाने बनवलेली असते. ती पिचली आणि आत शॉर्ट झाले तर एवढा मोठा ब्रेकर वेळेवर पडेलच असे नाही, वायर आधी पेटू शकते. तिथून घ्यायचेच असेल तर मध्ये छोटा ब्रेकर असलेले उपपॅनेल बसवून घ्यावे लागते, आणि ते परवानाधारक इलेक्ट्रिशियनचे काम आहे.

तुम्ही भाड्याच्या घरात राहता की स्वतःच्या, हे प्रश्नात आलेले नाही. भाड्याचे असेल तर भिंतीतले काहीही बदलण्याचा विचार करू नका. मोठ्या इमारतीतला फ्लॅट असेल तर आणखी एक गोष्ट आधी तपासावी: अशा इमारतींना अनेकदा तीन फेजचा पुरवठा असतो, आणि तिथे दोन गरम तारांमध्ये २४० नव्हे तर २०८ व्होल्ट मिळतात. म्हणजे इतका खर्च करून सर्किट ओढले तरी ग्राइंडरच्या मोटरला जोर कमीच मिळणार. ट्रान्सफॉर्मर मात्र १२० चे २४० करतो, त्याला इमारतीच्या फेजांशी देणेघेणे नसते.

तुमच्या तीन उपकरणांपुरते माझे म्हणणे असे: मिक्सर चांगला असेल आणि त्याची भांडी हाताला सरावलेली असतील तर १५०० व्होल्ट-अँपिअरचा, योग्य फ्यूजचा, अर्थ जोडलेला ट्रान्सफॉर्मर घ्या आणि ग्राइंडरही त्यावरच, वर सांगितलेल्या पथ्याने चालवा. मिक्सर जुना झाला असेल तर ट्रान्सफॉर्मरवर खर्च करू नका; भारतीय पद्धतीचे, दगडावर वाटलेल्या चटणीइतके बारीक वाटणारे १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचे मिक्सर इथे विकत मिळतात आणि त्यांच्यावर अमेरिकी सुरक्षा चाचणीची खूणही पाहून घेता येते. ट्रान्सफॉर्मर घेतलात तर पहिल्या दिवशी रिकाम्या भांड्याने मिक्सर लावा, मल्टिमीटर बाहेरच्या सॉकेटला धरा, मग भांड्यात ओले वाटण घालून पुन्हा आकडा पाहा. तो २२० च्या खाली उतरत असेल तर दुकानाची पावती जपून ठेवा आणि ट्रान्सफॉर्मर परत करा.